घर नसल्याचा दाखला

"देतो की दाखला, हवालदारसाहेब. पण कशाचा देऊ?" धावडदऱ्याच्या ग्रामसेवक भाऊसाहेबांनी जिभेला बोट लावून पान उलटलं आणि रजिस्टर आमच्याकडं फिरवलं. "तुम्ही मागताय घर नसल्याचा. इथं तर घर आहे."

पप्पा वाकले. त्यांच्या काखेखालून मीही डोकं घातलं. मिळकत क्रमांक एकशे चौदा, सिमेंटचं दुमजली घर, मालक संपत ज्ञानू कणसे. संपत ज्ञानू कणसे म्हणजे माझे पप्पाच. एकशे चौदा नंबरचं घर मात्र तात्यांचं, पप्पांच्या थोरल्या भावाचं. देवळामागचं, गच्चीवर निळी टाकी असलेलं.

"चूक झाली असेल काहीतरी," पप्पा म्हणाले. "माझ्या नावावर एक मोटरसायकल आहे, ती तुमच्या दारात उभी आहे."

"चूक कसली? अर्जावर सही तुमचीच आहे. तुम्ही रिटायर होऊन आलात, गावानं सत्कार केला, त्याच आठवड्यातला अर्ज. माजी सैनिकाच्या घराला घरपट्टी माफ असते ना. तात्यांनी नोंद तुमच्या नावावर करून घेतली आणि घरपट्टी बंद झाली. तुम्हाला ठाऊक नाही?"

पप्पांना ठाऊक नव्हतं, पण तसं म्हणणं म्हणजे थोरल्या भावाची तक्रार केल्यासारखं. मला मात्र सगळं समोर दिसलं. डोक्यावर फेटा, गळ्यात हार, तात्या म्हणतायत, 'संपत, हितं सही कर,' आणि माझे पप्पा न वाचता सही ठोकतायत. चोवीस वर्षं फौजेत काढलेला माणूस दाखवाल तिथं सही करतो. कागद वाचणं हे साहेबाचं काम.

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी आठवीत होते आणि आत्ता जशी चारचौघांत तोंड उघडते तशी तेव्हा उघडत नव्हते. साताऱ्यात गोडोलीत आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. पप्पा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर होते. आम्ही एक फ्लॅट बघितला होता. त्यातली लहान खोली माझी ठरली होती. अकरा पावलं लांब, आठ पावलं रुंद. मी तीन वेळा मोजून आले होते.

कर्ज माजी सैनिकांसाठीचं, सरकारी हमीचं, व्याजात सवलतीचं. ऐकायला काय झकास वाटतं. बँकेतल्या मॅडमनी पहिल्याच दिवशी मागच्या पाच वर्षांच्या पत्त्याचा पुरावा मागितला. पप्पांच्या सगळ्या कागदांवर पत्ता एकच, छप्पन एपीओ.

"हे कुठं आलं?" मॅडमनी विचारलं.

"कुठंही," पप्पा म्हणाले. "बर्फातही तेच, वाळवंटातही तेच. फौजेचं पोस्ट ऑफिस आहे ते."

मॅडमच्या कॉम्प्युटरला ते पटेना. त्यात तीन आठवडे गेले. मग नोकरी नवीन म्हणून कारखान्याचं पत्र, मग फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसकडून पेन्शनच्या कागदाची ताजी प्रत. तिकडं बिल्डर आईला म्हणाला, "ताई, फौजी माणसाला माझा मान आहे. पण सरकारी कर्जाचं गिऱ्हाईक म्हणजे जेवायला येतो सांगून न येणारा पाहुणा. बुधवारपर्यंत मंजुरी आणा, नाहीतर माझ्याकडं दुसरा उभाच आहे." शेवटी एकच कागद उरला. कुटुंबाच्या नावावर कुठंही पक्कं घर नाही, असा गावचा दाखला. तो घ्यायला शनिवारी शाळा बुडवून मी पप्पांच्या मागं मोटरसायकलवर बसले होते.

"यावर उपाय?" पप्पांनी विचारलं.

"आहे की. तात्यांनी लेखी द्यायचं की घर माझं आहे, नोंद माझ्या नावावर करा. खाली तुमची संमती. पंचायतीच्या मासिक सभेत ठराव झाला की झालं. सभा आजच आहे, चार वाजता. आजची गेली तर मग पुढच्या महिन्यात." भाऊसाहेब हसले. "आणि तात्या तर स्वतःच मेंबर आहेत. घरचीच गोष्ट."

घरचीच गोष्ट, म्हणून तर अवघड. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "चला, तात्यांची सही घेऊ." पप्पा मोटरसायकलला किक मारता मारता थांबले. "घेऊ. आधी जेवू. जेवणाआधी असलं विचारत नाहीत."

आता केतकीबद्दल सांगायलाच हवं. केतकी म्हणजे तात्यांची मुलगी, माझ्याहून वर्षानं मोठी. तिचा मला हेवा वाटायचा. वाटायचा म्हणजे साधा नाही. पोटात मिरची वाटल्यासारखा. तिला वरच्या मजल्यावर स्वतःची खोली होती, पोपटी रंगाची. आरशाचं कपाट होतं. मी घरी एका पत्र्याच्या पेटीवर वही ठेवून अभ्यास करायचे आणि आईची शिवणयंत्राची गिऱ्हाइकं आली की पेटीसकट मोरीजवळ सरकायचे. त्यात तात्यांच्या घराचा स्लॅब पडला तो पप्पांनी पाठवलेल्या पैशांवर, हे मला आईच्या आणि मावशीच्या बोलण्यातून कळलेलं. म्हणजे पैसे आमचे आणि आरसा केतकीचा.

जेवायला काकीनं भाकरी, वांग्याचं कालवण आणि पप्पांसाठी मुद्दाम खरडा केला होता.

"खा भावजी. त्या गोडोलीत कुठला मिळायचा असला खरडा," काकी म्हणाली.

"वहिनी, तुमच्या हाताला तोड नाही," पप्पा म्हणाले. मी त्यांच्याकडं बघत होते. विचारा आता. पप्पांनी दुसरी भाकरी घेतली.

"फ्लॅटचं कुठवर आलं रं?" तात्यांनीच विषय काढला.

"होतंय. एखादा कागद राहिलाय."

"कुठला?"

"आहे एक." पप्पांनी ताक मागितलं.

भिंतीवरच्या घड्याळात सव्वादोन. सीमेवर चोवीस वर्षं उभा राहिलेला माझा बाप आपल्या भावासमोर एक वाक्य बोलू शकत नव्हता. मला इतका राग आला की मी हात धुऊन वरच निघून गेले.

केतकीच्या दारावर नवीन पाटी होती. तिनंच रंगवलेली, कडेनं फुलं. 'दार वाजवून आत यावे.' दार उघडंच होतं. मी आत पाऊल टाकलं.

"ए, वाचता येत नाही का गं?" केतकी पलंगावर लोळत होती. "बाहेर जा आणि वाजव."

"उघडंच आहे की."

"नियम म्हणजे नियम. फौजीची मुलगी ना तू?"

मी बाहेर गेले. वाजवलं. "या," ती राणीसारखी म्हणाली. मग तिनं मला नवीन टेबल दाखवलं, त्याचा कप्पा उघडून दाखवला, परत लावून दाखवला. भिंतीवर तिनं दिव्यांची माळ सोडली होती.

"तू पण लाव की अशी माळ," ती म्हणाली. आणि मग जीभ चावल्यासारखं करून, "अरे हां. भाड्याच्या घरात खिळा मारू देत नाहीत ना."

ती मुद्दाम म्हणाली की सहज, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. विचारलं तर ती सांगते, सहज. पण माझ्या पोटातली मिरची थेट डोळ्यांत आली.

"हे घर माझ्या पप्पांच्या नावावर आहे," मी म्हटलं. "आत्ता पंचायतीत बघून आलोय. रजिस्टरमध्ये लिहिलंय. ही खोलीसुद्धा माझ्या पप्पांची. तेव्हा यापुढं दार तू वाजवायचं."

केतकी हसली. मग माझा चेहरा बघून हसायची थांबली. आणि मग धाडधाड जिना उतरत खाली गेली. "तात्या, हे घर आपलं नाही?"

मी जिन्याच्या वरच्या पायरीवरच थिजले. खाली काकीच्या हातातल्या भांड्यातून ताक सांडल्याचा आवाज आला.

"कोण म्हनलं?" तात्यांनी विचारलं.

"तनू. काकांच्या नावावर आहे म्हणते. ही खोली पण त्यांचीच म्हणते."

"तात्या, तसं नाही," पप्पा म्हणाले. "बँकेला एक दाखला हवा होता. तिथं माझं नाव निघालं. तेवढं आज सभेत दुरुस्त करून..."

"म्हंजे तू आधी पंचायतीत गेलास. मग हितं येऊन माझ्या ताटात जेवलास. आन् तोंडानं बोलला न्हाईस, पोरीकडनं बोलवलंस."

"मी नाही सांगितलं तिला."

"घरपट्टी वाचावी म्हनून केलं रं मी. तुझ्या नावाचा तेवढा उपेग झाला, त्यात माझं काय चुकलं? गावात धा जणांनी केलंय."

"कुठं म्हणतोय चुकलं? फक्त आज अर्जावर सही..."

"आज न्हाई." तात्या उठले. खांद्यावरचा टॉवेल झटकला. "पोरीनं घरात येऊन घर मागितलं, हे तासाभरात गावभर हुईल. भिंतीपल्याड भागूबाई कान लावून बसलीच आसंल. आन् चार वाजता मी सभेत घर माझं माझं करत सही करू? लोक म्हनतील, भाऊ घर काढून घ्यायला आला, तवा तात्यानं पळत जाऊन नावावर करून घेतलं. मला तोंड हाय का न्हाई गावात? नावाची घान जाऊ दे, मग बघू. सहा म्हैन्यानं."

"तात्या, बुधवारी फ्लॅट जाईल."

"मग ऱ्हा की हितंच. तुझंच हाय न्हवं." आणि ते पायात चपला सरकवून निघून गेले.

काकी पदरानं ताक पुसत होती. ती माझ्याकडं न बघता केतकीला म्हणाली, "वर जाऊन तुझी कापडं काढ कपाटातनं. तनूला खोली पायजे तर घेऊ दे."

हेच तर मला कितीतरी वर्षं हवं होतं. कुणीतरी केतकीला त्या खोलीतून बाहेर काढावं. आणि ती खरंच वर आली, माझ्या अंगाला अंग न लागू देता भिंतीला चिकटून पुढं गेली आणि कपाटातले कपडे पलंगावर टाकू लागली. मी दारात उभी होते. मला सांगायला लाज वाटते, पण पहिलं काय मनात आलं असेल? की आरसा इथंच राहणार का? दुसरं मनात यायच्या आत पप्पांनी खालून हाक मारली. "तनू, चल."

मोटरसायकलजवळ मी रागावण्याची वाट बघत होते. पप्पा रागावले नाहीत. हेल्मेटचा पट्टा लावत म्हणाले, "साडेतीन झालेत. पंचायतीत जाऊन दाखल्याचा अर्ज मागे घेतो, मग निघू. न सांगता निघून गेलं तर बरं दिसत नाही."

"आणि फ्लॅट?"

"फ्लॅट काय. गोडोलीची खोली आहे की."

"तुम्ही का नाही विचारलं जेवताना?"

त्यांनी बराच वेळ किल्लीच शोधली. ती हातातच होती. "मी भरतीला गेलो तेव्हा तात्यांनी शाळा सोडून शेत धरलं होतं," ते म्हणाले. "त्यांना कागद मागायला जीभ उचलत नाही माझी."

पंचायतीत सभा बसायच्या बेतात होती. सतरंजीवर सहा मेंबर, खुर्चीवर सरपंच शालनबाई, कोपऱ्यात चहाची किटली. तात्या शालनबाईंना तीच नावाची घान सांगत भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी आमच्याकडं बघितलं नाही.

बातमी पोचली होती. एक मेंबर, मिशीवाले, पप्पांना म्हणालेच, "काय हवालदार, ऐकलं ते खरं का? भावाचं घर ताब्यात घेताय म्हणं. बरुबरच हाय, पेन्शनीत काय भागतंय." दोघं-तिघं हसले. तात्यांची मान खाली गेली. पप्पांचे कान लाल झाले. ते फक्त म्हणाले, "भाऊसाहेब, माझा अर्ज मागे घ्यायचाय."

मी तोवर कुठल्याच खोलीत इतक्या मोठ्या माणसांसमोर बोलले नव्हते. वर्गात हजेरीलासुद्धा माझा आवाज पहिल्या बाकापर्यंत जायचा नाही. पण ते हसले ना, आणि ते पप्पांना हसले, त्यानं काहीतरी झालं.

"ते मी बोलले होते," मी म्हटलं. "पप्पा नाही."

शालनबाईंनी चष्मा वर केला. "तू कोण गं?"

"तनुजा संपत कणसे. घर तात्यांचंच आहे. आम्हाला नकोय. मी केतकीशी भांडताना बोलले, कारण मला तिचा हेवा वाटतो. पप्पांनी तर तोंडसुद्धा उघडलं नाही, भाकरी खात बसले."

मिशीवाले परत हसले, पण या वेळी वेगळे. "हेवा कशाचा गं एवढा?" शालनबाईंनी विचारलं. त्यांना खरंच ऐकायचं होतं असं वाटलं.

मग मी सुरूच झाले. खोली सांगितली. आरसा सांगितला, टेबलाचा कप्पा, दिव्यांची माळ. सगळे ऐकत होते, किटलीवाले मामासुद्धा कप हातात धरून. आणि मग मला ठाऊक नसलेलं एक वाक्य माझ्या तोंडून आलं.

"आणि पप्पा सुट्टीवर यायचे ना, वर्षातनं एकदा, तेव्हा साताऱ्यात उतरून पण घरी यायचे नाहीत. आधी इथं यायचे. देवाला नारळ, मग तात्यांच्या पाया पडणं, मग एक रात्र इथं. आम्ही दुसऱ्या दिवशी. दर वर्षी केतकीला ते माझ्याआधी दिसायचे. ती मला फोनवर सांगायची, तुझ्या पप्पांनी मिशी वाढवलीय."

कुणी हसलं नाही. मी पप्पांकडं बघू शकले नाही. तात्यांकडं बघितलं, कारण ते समोरच होते. ते माझ्याकडं असे बघत होते की जणू मी आत्ताच बसमधून उतरले होते.

"घर राहू दे तात्यांकडं," मी म्हटलं. "पण आमच्याकडं नाही असं लिहून द्या. खरंच नाहीये."

आणि मग मला रडू आलं. शेवट तेवढा बरा करता आला असता, पण आलं.

"तात्या," शालनबाई म्हणाल्या, "पोरगी सगळ्या गावादेखत सांगतीय तुमचं घर म्हणून. आता कोण काय म्हणणार हाय? का अजून वास येतोय नावाला?"

तात्यांनी घसा साफ केला. "आणा तो कागद," ते भाऊसाहेबांना म्हणाले. सही करताना हात थांबवून त्यांनी पप्पांकडं बघितलं. "एक रात मीच ठिवून घेत हुतो रं तुला. तू उठायचास जायला. मीच म्हनायचो, उद्या जा." एवढंच. मग सही केली.

"घरपट्टी आता भरावी लागंल," मिशीवाले म्हणाले.

"भरीन की. तुझ्या बापाची भरतोय का," तात्या म्हणाले, आणि सभा सुरू झाली.

दाखला घेऊन आम्ही निघालो. घाट उतरला. साताऱ्यात शिरताना पप्पा मान न वळवता म्हणाले, "फोन करून मिशीचं सांगायची ती?"

"हो."

"हरामखोर आहे," पप्पा म्हणाले, आणि त्यांच्या पाठीवर टेकलेल्या माझ्या गालाला कळलं की ते हसतायत. की काय करतायत.

तो फ्लॅट मात्र गेला. बँकेला दाखला सोमवारी दिला, पण दाखल्यावरचा शिक्का पुसट आहे म्हणून मॅडमनी साहेबांना विचारायला ठेवला, साहेब रजेवर होते, आणि बुधवार आला तसा निघून गेला. बिल्डरनं आईला फोन करून सांगितलं, वाईट वाटून घेऊ नका. आईनं वाटून घेतलं. मी अकरा गुणिले आठ पावलांची खोली दोन दिवस रडून संपवली. मंजुरी आली तेव्हा घ्यायला घरच नव्हतं. मग परत शोधाशोध. अकरा महिन्यांनी साताऱ्यातल्याच करंज्यात एक मिळालं, जुन्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. खोली नऊ पावलं गुणिले सात. पण माझी.

सात महिने ती माझी एकटीची होती. मी तिच्यात नाचले, वादविवाद स्पर्धेची भाषणं पाठ केली, आणि तालुक्याला पहिली आले तेव्हा ढाल कुठं ठेवायची यावर स्वतःशीच भांडले. मग जूनमध्ये, मी दहावीत गेले त्याच आठवड्यात, एका सकाळी दारात तात्या उभे. एका हातात तांदळाचं पोतं, दुसऱ्या हातात बॅग. मागं केतकी, गादीची वळकटी घेऊन. तिला साताऱ्यात अकरावीला प्रवेश मिळाला होता.

"दोन वर्सं ऱ्हाईल हितं," तात्या पप्पांना म्हणाले. विचारलं नाही. सांगितलं.

"राहू दे की," पप्पा म्हणाले. मला विचारलं नाही. आईलाही नाही. आई पोतं बघून आत चहा टाकायला गेली.

केतकी माझ्या खोलीच्या उंबऱ्याशी वळकटी छातीशी धरून उभी राहिली. तिची नजर पलंगावरून कपाटावर, कपाटावरून ढालीवर गेली आणि ढालीवर जरा जास्तच थांबली. ती नजर मी ओळखली. खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या. मग लगेच पोटात तेच, जुनं, तिखट. आता पप्पा कामावरून आले की दार दोघींपैकी कोण उघडणार, हे माझ्या मनात आलं. अजूनही रोज येतं.

"तनू," ती हळूच म्हणाली, "मी इथं राहिलेलं तुला चालेल ना गं?"

"नाही चालणार," मी म्हटलं. "ये आत."